वाट दाखवणारं यंत्र, वाट ओळखणारं डोकं!

दिल्लीहून जयपूरकडे निघालेला महामार्ग गुरुग्राम ओलांडून पुढं गेला की वीसेक किलोमीटरवर कारखान्यांच्या रांगा सुरू होतात. हे मानेसर. मराठी माणसाला हा रस्ता तसा परका नाही. अठ्ठेचाळीस क्रमांकाचा हाच राष्ट्रीय महामार्ग खाली उतरत उतरत पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर करत चेन्नईला जातो. मानेसरमध्ये मारुतीच्या मोटारी बनतात, ‘एनएसजी’चे ब्लॅक कॅट कमांडो तयार होतात आणि अरवलीच्या बोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी माणसाच्या मेंदूचा अभ्यास चालतो. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, म्हणजेच नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर, ही ती संस्था. डिसेंबर २००३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ती देशाला अर्पण केली.

आता या संस्थेचा पत्ता पाहा. एनएसजी कॅम्पसजवळ, नैनवाल मोड, मानेसर!

‘मोड’ म्हणजे वळण. म्हणजे मेंदूच्या पेशी न् पेशी तपासणारे शास्त्रज्ञसुद्धा आपल्या संस्थेचा पत्ता सांगताना ‘अमक्याच्या जवळ, तमक्या वळणावर’ असंच सांगतात. यात हसण्यासारखं काही नाही. उलट त्यांचं शास्त्रच सांगतं की, माणसाचं डोकं वाट शोधतं ते असंच.

आपल्याकडचे पत्ते आठवून पाहा. पुण्यात ‘शनिपाराजवळ’ म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. मुंबईत आधी विचारतात ते ‘ईस्ट की वेस्ट?’ रेल्वेचे रूळ हा त्या शहराचा कणा, आणि मुंबईकराच्या डोक्यातला नकाशा त्या कण्याला धरून उभा असतो. गावाकडे तर ‘वडाच्या झाडापासून खाली उतरलं की’ एवढं पुरतं. मग ते झाड पडून दहा वर्षं का झालेली असेनात!

मानेसरसारख्या ठिकाणी हे सगळं उलटंपालटं होतं. इथं औद्योगिक वसाहतीचे सेक्टर आहेत, प्लॉट नंबर आहेत, एकसारखी फाटकं आणि एकसारख्या भिंती आहेत. चाकण-पिंपरीतून बदली होऊन आलेला इंजिनीअर असो की बिहारमधून आलेला कंत्राटी कामगार, पहिल्या दिवशी बसमधून उतरल्यावर दोघांची अवस्था सारखीच. हातात मोबाइल, त्यावर निळा ठिपका, आणि तो ठिपका नेमकं कुठं तोंड करून उभा आहे याचा पत्ता नाही. शेवटी चहाच्या टपरीवरच विचारावं लागतं.

वेलणकरांचे सहा आकडे

पत्ता आकड्यात बांधण्याचा पहिला मोठा भारतीय प्रयत्न एका मराठी माणसाचा होता, हे अनेकांना ठाऊक नसतं. कोकणातल्या वेळणेश्वरचे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशात एकाच नावाची गावं ढिगानं, आणि पत्ते लिहिले जात नाना लिप्यांमधून. टपाल भलतीकडेच जायचं. वेलणकरांनी सुचवलेला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पहिला आकडा विभाग सांगतो, शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयापर्यंत नेतात. मानेसरचा पिन १२२ ने सुरू होतो, त्यातला १ उत्तर विभागाचा.

पण पिनकोड टपाल कार्यालयाशी थांबतो. तिथून दारापर्यंत नेणारा असतो तो पोस्टमन, आणि त्याचा नकाशा त्याच्या डोक्यात!

दारापर्यंतचा नकाशा संगणकात उतरवण्याचं काम दिल्लीत राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्यानं १९९५ साली सुरू केलं. कंपनीचं नाव मॅपमायइंडिया. त्या वेळी देशात इंटरनेटचंच पाऊल नुकतं पडत होतं, मोबाइलमध्ये नकाशा ही कल्पनाही कुणाला सुचली नसती. कंपनीनं काम केलं ते मोठमोठ्या कंपन्यांसाठी, गल्लीबोळातून माणसं फिरवून. पुढं गुगलनं २००५ मध्ये जगाचा नकाशा पडद्यावर आणला. भारतात मात्र त्यांच्या डोक्याला एक वेगळाच ताप झाला. ‘अमुक रस्त्यावर तीनशे मीटर जा, मग तमुक रस्त्यावर डावीकडे वळा’ ही अमेरिकी पद्धत इथं चालेना. अर्ध्या रस्त्यांना नावंच नाहीत, ज्यांना आहेत त्यांच्या पाट्या नाहीत, आणि पाटी असली तरी ते नाव गल्लीतल्या कुणाला ठाऊक नाही! कंपनीच्या माणसांनी इथं येऊन लोक एकमेकांना रस्ता कसा सांगतात याचा अभ्यास केला आणि डिसेंबर २००९ पासून भारतातल्या मार्गदर्शनात पेट्रोल पंप, देऊळ, हॉटेल अशा खुणा घातल्या. एवढ्या बलाढ्य कंपनीला शेवटी ‘शनिपाराजवळ’ शिकावं लागलं, म्हणायचं.

२०२५ मध्ये टपाल खात्यानं ‘डिजिपिन’ आणला. सगळ्या देशाचे सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन पाडले, आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी-आकडी ओळख दिली. आयआयटी हैदराबाद आणि ‘इस्रो’चं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांनी त्यासाठी मदत केली. अंगणातलं तुळशीवृंदावन आणि पडवी यांचेही डिजिपिन वेगळे असू शकतात! मात्र चौकोन जमिनीवरचा. त्यावर सोळा मजली इमारत उभी असली तर सोळाही मजल्यांचा चौकोन एकच.

उंदराच्या डोक्यातला नकाशा

डोक्यात नकाशा असतो, असं आपण सहज बोलून जातो. शास्त्रज्ञांना तो खरोखरच सापडला आहे. लंडनमध्ये जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत अशा पेशी दाखवून दिल्या, ज्या उंदीर खोलीतल्या एका ठराविक जागी आला की जाग्या होतात. दुसऱ्या जागी गेला की दुसऱ्या पेशी. मेंदूच्या ज्या भागात त्या आहेत त्याचं नाव हिप्पोकॅम्पस, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला वसलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा. पुढं २००५ मध्ये नॉर्वेतल्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर या पतिपत्नींना शेजारच्याच भागात दुसऱ्या पेशी सापडल्या. या पेशी जमिनीवर षटकोनी जाळी आखल्यासारख्या ठराविक अंतरावर चमकतात, म्हणजे जणू आलेखाचा कागदच! या तिघांना २०१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

उंदराचं राहू द्या, माणसाचं काय? त्यासाठी लंडनचे टॅक्सीवाले कामी आले. तिथल्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा तर चेरिंग क्रॉसच्या सहा मैलांतले सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ लागतात. या अभ्यासाला तीन-चार वर्षं लागतात, आणि नापास होणारेही पुष्कळ. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. तो जन्मतःच मोठा असतो म्हणून ते टॅक्सीवाले होतात, की रस्ते घोकून मोठा होतो? या प्रश्नाचं उत्तर २०११ मध्ये मिळालं. त्यांनी ७९ उमेदवारांचे मेंदू आधी आणि नंतर तपासले. त्यातले ३९ उत्तीर्ण झाले, आणि मेंदूचा तो भाग वाढलेला दिसला फक्त त्यांच्यातच.

मग यंत्राच्या मागं मागं चालणाऱ्याचं काय होतं? लंडनच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये २४ जणांना सोहो भागातल्या गल्ल्यांतून पडद्यावर फिरवलं. वाट स्वतः शोधायची असली की नव्या गल्लीत शिरताक्षणी हिप्पोकॅम्पसची धावपळ उडे. ‘डावीकडे वळा’ असं यंत्र सांगत असलं की तो स्वस्थ पडून राही! कॅनडातल्या एका छोट्या अभ्यासात २०२० मध्ये असंही आढळलं की जे चालक अशा यंत्रावर जास्त विसंबतात, त्यांची जागा लक्षात ठेवण्याची शक्ती तीन वर्षांत जास्त घटली.

डिसेंबर २०२४ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं अमेरिकेतल्या सुमारे नव्वद लाख मृत्यूंच्या नोंदी तपासणारा अभ्यास छापला. टॅक्सीचालक आणि रुग्णवाहिकाचालक यांच्यात अल्झायमरनं मरण पावणाऱ्यांचं प्रमाण ४४३ व्यवसायांत सर्वांत कमी होतं. लोकसंख्येत १.६९ टक्के, टॅक्सीचालकांत १.०३, रुग्णवाहिकाचालकांत ०.९१. आणि ठरलेल्या मार्गावरून रोज जाणाऱ्या बसचालकांत? तिथं असा फरक दिसलाच नाही. यावरून रस्ते शोधले की अल्झायमर टळतो असं सिद्ध होत नाही, हे संशोधकांनी स्वतःच बजावून सांगितलं आहे. ज्यांचं डोकं आधीच तल्लख तेच या धंद्यात टिकत असतील, असंही असू शकतं.

पण इथंच मानेसरचा धागा जुळतो. मेंदू संशोधन केंद्रात प्रवत मंडल यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतलं ग्लुटाथायोन हे रसायन सुई न टोचता मोजण्याचं काम केलं. हे रसायन म्हणजे पेशींचा गंज रोखणारं द्रव्य समजा. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की, अल्झायमरच्या रुग्णांत आणि त्याआधीच्या सौम्य विस्मरणाच्या अवस्थेतही हिप्पोकॅम्पस आणि मेंदूचा पुढचा भाग इथं हे रसायन कमी झालेलं असतं. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराला हिप्पोकॅम्पस हा शब्द ठाऊक नसेल, पण त्याचा अर्थ ठाऊक असतो. चाळीस वर्षं ज्या कोपऱ्यावरून दूध आणलं, त्याच कोपऱ्यावर आजोबा गोंधळून उभे राहतात. नावं विसरण्याच्याही आधी कित्येकदा वाट विसरते.

अशांसाठी मोबाइलवरचा नकाशा निरुपयोगी. तो वाचणार कोण? मुंबईत अक्षय रिडलान या तरुण इंजिनीअरनं म्हणून उलटा विचार केला. गळ्यात लॉकेट, लॉकेटवर क्यूआर कोड. हरवलेला माणूस ज्याला भेटेल त्यानं आपल्या मोबाइलनं तो वाचायचा की घरचा संपर्क समोर! सप्टेंबर २०२३ मध्ये वरळीतून हरवलेला बारा वर्षांचा एक विशेष मुलगा कुलाब्यात सापडला तो अशाच लॉकेटमुळे. यंत्राचा उपयोग झाला तो वाटेत भेटलेल्याला, चालणाऱ्याला नव्हे.

छपराखाली आलं की ठिपका आंधळा

आपला तो निळा ठिपका वीस हजार किलोमीटर वरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या जोरावर चालतो. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून मोबाइल आपली जागा ठरवतो. मोकळ्या मैदानात चूक चार-पाच मीटरची. उंच इमारतींच्या मध्ये आलं की संदेश भिंतींवर आपटून वाकडेतिकडे येतात आणि ठिपका रस्त्याच्या पलीकडे उडी मारतो. मोटारीत बसलेल्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण पायी चालणाऱ्यासाठी रस्त्याच्या या बाजूला असणं आणि त्या बाजूला असणं यात मध्ये अख्खा महामार्ग असतो! म्हणून २०१९ मध्ये गुगलनं कॅमेऱ्याची युक्ती काढली. मोबाइल समोर धरला की तो समोरच्या इमारती आधी टिपलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहतो आणि पडद्यावर बाण उमटवतो.

छपराखाली तर उपग्रहाचा संदेश जवळजवळ येतच नाही. मॉल, विमानतळ, मोठं रुग्णालय, भुयारी स्टेशन इथं दुसरे उपाय. कुठल्या कोपऱ्यात वाय-फायचे कोणते संदेश किती जोरात येतात याची आधीच नोंद करून ठेवायची, आणि ती बोटांच्या ठशासारखी जुळवायची, हा एक. दुसरा, छताला ब्लूटूथचे छोटे दिवे, म्हणजे उजेड न पाडणारे, लावायचे. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१७ मध्ये असे सुमारे दोन हजार लावले. तिसरा उपाय सगळ्यात जुना, तो म्हणजे पावलं मोजणं. मोबाइलमधलं यंत्र प्रत्येक पाऊल आणि वळण मोजत राहतं. खोट एवढीच की पावलागणिक चूक साठत जाते, आणि शंभरेक पावलांनंतर तुम्ही भिंतीच्या आत चालताना दिसता!

दिल्ली मेट्रोनं याच अडचणीवर एक बिनखर्ची तोड काढली. राजीव चौकसारख्या गाडी बदलायच्या स्टेशनांवर जमिनीवर रंगीत पावलं उमटवली. ज्या मार्गावर जायचं त्या रंगाच्या पावलांवर पाऊल टाकत चालायचं. बॅटरी संपत नाही, अक्षरओळख लागत नाही. गुरुग्रामला जाणाऱ्याची पावलं पिवळी.

पिवळी फरशी आणि मध्येच झाड

त्याच स्टेशनांवर आणखी एक पिवळी वाट असते. पुष्कळांना ती शोभेची वाटते. उठावाच्या लांब रेघा म्हणजे ‘चालत राहा’, आणि उठावाचे गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढं जिना किंवा फलाटाची कड आहे’. ही लिपी पायांनी वाचायची. जपानच्या सेइइची मियाके यांनी दृष्टी जात चाललेल्या मित्रासाठी १९६५ मध्ये ती शोधली, आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. दिल्ली मेट्रो डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या स्टेशनांमधून ही वाट आपल्या शहरी नजरेला परिचित झाली.

परिचित झाली, पण कळली का? स्टेशनाबाहेर पडा आणि फुटपाथ पाहा. पिवळी फरशी सरळ जाते आणि झाडाच्या बुंध्याला धडकते. कुठं तिच्यावर मोटारसायकली उभ्या, कुठं भाजीची पाटी, कुठं विजेचा डबा. कंत्राटदारानं मोजमापाप्रमाणे फरशी बसवली, बिलही मिळालं असेल. तिच्यावरून कुणीतरी डोळ्यांशिवाय चालणार आहे हे काम करणाऱ्याला कुणी सांगितलंच नसावं.

ही नुसती गैरसोय नाही, हक्काचा भंग आहे, हे म्हणणं राजीव रतुरी यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडलं. ते स्वतः दृष्टिबाधित. याचिका २००५ ची. २०१६ मध्ये दिव्यांग हक्क कायदा आला, डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयानं मुदती घालून दिल्या, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं स्पष्ट केलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, काही गोष्टी सक्तीच्याच हव्यात. तसे नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. पुढं मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं पादचाऱ्यांचा फुटपाथवरचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं.

पांढऱ्या काठीला कान फुटले

अंध माणसाची पांढरी काठी जमिनीवरचा खड्डा सांगते, पण गुडघ्याच्या वरचं तिला कळत नाही. झाडाची झुकलेली फांदी, भिंतीबाहेर आलेलं वातानुकूलन यंत्र, उभ्या ट्रकमधून मागं डोकावणाऱ्या सळ्या... या सगळ्या नेमक्या कपाळाच्या उंचीवर! आयआयटी दिल्लीत २००५ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून यावर काम सुरू झालं. प्रा. एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली रोहन पॉल आणि सहकाऱ्यांनी वटवाघळाची रीत उचलली. काठीच्या मुठीतून कानाला न ऐकू येणारा ध्वनी निघतो, अडथळ्यावर आपटून परत येतो, आणि मूठ थरथरते. अडथळा जितका जवळ तितकी थरथर वेगळी. तीन मीटरपर्यंतचं आधी कळतं. ‘स्मार्टकेन’ नावानं ही काठी २०१४ मध्ये बाजारात आली. चेन्नईच्या कंपनीनं बनवलेली, तेव्हा किंमत होती तीनेक हजार रुपये. परदेशी काठ्यांच्या मानानं ती खूपच स्वस्त.

थरथर का, बोलणारी काठी का नाही? कारण अंध माणूस कानांनी पाहतो. रिक्षा कुठून येते, गर्दी कुठं वळली, भिंत संपून मोकळं कुठं झालं हे सगळं त्याला आवाजावरूनच कळतं. त्याच्या कानात यंत्रानं बडबड सुरू केली तर एका अर्थी डोळ्यावर पट्टीच बांधली की! हीच गोष्ट ओळखून अनिरुद्ध शर्मा यांनी २०११ मध्ये बूट केला. उजवीकडे वळायचं तर उजवा बूट थरथरतो, डावीकडे तर डावा. हैदराबादेत क्रिस्पियन लॉरेन्स यांच्यासह उभारलेल्या कंपनीनं त्याला नाव दिलं ‘ले चल’. काठी अडथळा सांगते, बूट दिशा सांगतो.

बसस्टॉपवर मात्र काठीही गप्प आणि बूटही. एकामागून एक बस येतात. नंबर दिसत नाही. शेजारच्याला विचारावं, तोवर बस निघून जाते. कित्येक जण म्हणून बसचा नादच सोडतात आणि परवडत नसताना रिक्षा करतात, किंवा घरातल्या कुणालातरी रोज बरोबर घेऊन निघतात. आयआयटी दिल्लीच्याच गटानं यावर ‘ऑनबोर्ड’ ही योजना केली. मुंबईत बेस्टच्या बसगाड्यांवरही तिची चाचणी झाली. हातातल्या छोट्या यंत्राची कळ दाबली की जवळ आलेल्या बसचा नंबर ऐकू येतो. हवी ती बस असली की दुसरी कळ. मग बसच्या दाराशी बसवलेला स्पीकर बोलू लागतो, आणि त्या आवाजाच्या रोखानं चार पावलं टाकली की हात थेट दाराच्या दांडीवर पडतो.